वरची एक धार

जागेचे वर्णन

लांबी तीस फूट, रुंदी चौदा फूट. दार एक.

त्या एका दारातून आधी म्हशी आत जातात, मग माणसं. पुढचे अठरा फूट चार म्हशींचे, मागचे बारा फूट चार माणसांचे. मध्ये पत्र्याची भिंत आहे, ती सहा फुटांवर संपते. तिच्या वर छपरापर्यंत सगळी हवा एकच.

वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षक आदिती मगदूमनं टेप गुंडाळला आणि शेवटची दोन वाक्यं खोडली. फॉर्मवर असलं लिहायचं नसतं. ‘विभाजक भिंत: अपुरी’ एवढं पुरतं.

तक्रार शेजाऱ्याची होती. मंगळवार पेठेतल्या या गल्लीत शेणाचं पाणी गटारात सोडतात, गटार तुंबतं, डास होतात. अर्जाखाली सही नव्हती, पण तक्रारदार समोरच्या दारात दात घासत उभा होता आणि पाहणी नीट होतेय ना ते बघत होता.

उजेड व हवा

“खिडकी कुठंय, मावशी?”

“हाय की,” चिमणाबाई म्हणाल्या. घरच्या मालकीणबाई. साठी आलेली, डोक्यावर शेणाची पाटी. “ती बगा, म्हशींच्या अंगाला.”

“आणि माणसांच्या?”

“माणसं भायेर जात्यात की दिवसभर! म्हशी कुठं जात्यात?”

खिडकी: एक. कुणासाठी ते फॉर्म विचारत नाही.

राहणाऱ्या व्यक्ती

जोतीराम, म्हशींचा मालक. त्यांची बायको चिमणाबाई. मुलगा सम्राट, शिरोलीच्या एका कारखान्यात पाळीवर. सून क्रांती, माहेर गारगोटी, पाचवा महिना.

एकूण चार. पाचवी व्यक्ती अजून मोजायची नसते.

दूध

असा रकाना फॉर्मवर नाही.

आदिती पत्र्यापलीकडची जागा मोजत होती तेव्हा जोतीराम पितळी ग्लास घेऊन आले. ग्लासावर चार बोटं फेस होता. नुकतीच हौशीची धार काढली होती. हौशी म्हणजे दारातली पहिली म्हैस, चकाकत्या कातडीची, शिंगांना तेल लावलेली.

“क्रांते, घे. निवायच्या आत.”

क्रांतीनं डोळे मिटून एका दमात ग्लास संपवला.

“तापवलेलं नाही?” आदितीनं विचारलं.

चिमणाबाई हसल्या. “तापवायचं कशाला? आतनं तापूनच येतंय की.”

“म्याडम, तुमीबी घ्या,” जोतीराम म्हणाले. “डबा न्हाय, पिशवी न्हाय. रोज सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर नेतो. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, त्येनं उभ्याउभ्या प्यायची. थेंबभर पाणी निघालं तर मिशी उतरवतो.”

“मी दूध घेत नाही, काका.”

“म्हणून अशी काडी झालाय,” चिमणाबाई म्हणाल्या.

गटार दाखवायला क्रांती बाहेर आली. तिथं तिनं जे सांगितलं ते आदितीनं विचारलंच नव्हतं. सासऱ्यांना ती मामा म्हणत होती, सासूला आत्ती.

“गेल्या साली तर लईच तुंबलं होतं. हौशीनं टाकलं तवा. सातव्या महिन्यातलं रेडकू, मेलेलंच पडलं. ह्येंची कारखान्यात पाळी, मामांच्या कमरंत उसण. मग मीच उचलला जार, रेडकामागनं पडलेला. हातानंच. कोपऱ्यात पुरला.”

“हातमोजे?”

क्रांतीनं तिच्याकडे बघितलं, जसं एखाद्या लहान पोराकडे बघतात.

“आणि मग?”

“मग दीड महिन्यानं माझं गेलं. चौथ्यातलं.” ती काठीनं गटारातला कचरा सारत होती. “आत्ती म्हणत्यात, गोठ्याला नजर लागली. एका घराला दोनदा. म्हणून आता रोज दोन ग्लास. मामा सोता काढून देत्यात. सून असून कुणाचं करतंय हो कोण एवढं?”

कुणी करत नाही. ते खरंच होतं.

शेरा

शेऱ्यासाठी दीड ओळ असते. आदिती स्कूटरवर बसून त्या दीड ओळीकडे बघत राहिली.

गटार तिचं. घराची खिडकी, भिंत, शेणाचं पाणी तिचं. दूध दुसऱ्या खात्याचं, त्यांचं ऑफिस वेगळं, त्यांचा शिक्का वेगळा. म्हैस पशुवैद्याची. क्रांती दवाखान्याची, महिन्यातून एकदा, वजन आणि रक्तदाबापुरती. प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याचा कागद होता. हौशीच्या आचळापासून क्रांतीच्या तोंडापर्यंतचा जो हातभर रस्ता होता, तो कुणाच्याच कागदावर नव्हता.

तिनं अनेकांतला फोन लावला. तो पशुवैद्य, तिचा कॉलेजातला मित्र.

“म्हशीनं सातव्या महिन्यात टाकलं,” ती म्हणाली. “त्याच घरातल्या बाईचाही गर्भ गेला. आणि ती आता पुन्हा पाच महिन्यांची आहे, कच्चं दूध पितेय.”

अनेकांत म्हणाला, “उद्या सकाळी येतो. चारही म्हशींचं रक्त घेऊ.”

नऊ दिवसांनी रिपोर्ट आले. तीन म्हशी स्वच्छ. हौशीला ब्रुसेला. या रोगात जनावर गाभ टाकतं, आणि तेच जंतू दुधातून माणसात जातात. माणसाला येतो-जातो ताप, सांधे धरतात. पोटुशी बाईला त्याहून वाईट होऊ शकतं. उकळलेल्या दुधात ते जंतू मरतात. न उकळलेलं दूध मात्र रोज असतं तसंच दिसतं, तसंच लागतं.

नोटीस (कच्ची)

~~आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मिळकतीत मनुष्यवस्ती व जनावरे यांमध्ये पुरेसे अंतर न राखल्याने सार्वजनिक आरोग्यास~~

हे वाचून जोतीराम गटार धुतील.

~~जोतीराम काका, हौशीचं दूध कुणीही कच्चं पिऊ नये. क्रांतीनं तर~~

यावर शिक्का मारता येत नाही.

~~आपली म्हैस (नाव: हौशी) हिच्या दुधातून~~

नोटिशीत म्हशीचं नाव लिहितात का, हे तिनं वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, म्हैस लिहा, नाव कशाला, ती काय सही करणार आहे?

शेवटी तिनं ठरीव भाषेतली नोटीस टाइप केली, त्यात ‘सर्व दूध उकळूनच द्यावे’ हे वाक्य ठळक केलं आणि स्वतः घेऊन गेली. अनेकांतही आला.

जोतीराम नोटीस दोनदा वाचून म्हणाले, “म्हंजे माझ्या दुधात भेसळ हाय म्हणा की.”

“भेसळ नाही, काका. रोग आहे.”

“लोकांना एकच. चाळीस वर्सं झाली कट्ट्यावर. माझ्या बा-च्या टायमापास्नं एक माणूस म्हणाला न्हाय, जोत्या, पाणी घातलंस. आणि तुमी कागद आणलाय!”

“पाणी घातलं असतं तर बरं झालं असतं एक वेळ,” अनेकांत म्हणाला. “पाण्यानं कुणी आजारी पडलं नसतं.”

हे बोलायला नको होतं. जोतीरामांनी त्याच्याकडे पाठ केली आणि हौशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“कोडोलीला भावाकडं धाडतो हिला. मग झालं?”

“भावाकडं किती जनावरं आहेत?”

“सात.”

जोतीराम स्वतःच म्हणाले, “न्हाय. तसं न्हाय करता यायचं.”

अनेकांतनं शहराबाहेरचा एक रिकामा गोठा बघून ठेवला होता. हौशीला तिथं एकटीला ठेवता आलं असतं, पण तो मोकळा व्हायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर ती वेगळी बांधायची, आणि चारही म्हशींचं दूध उकळायचं. विकायचं तेही, घरचंही.

“कट्ट्यावर उकाळलेलं कोण पिणार?” जोतीराम म्हणाले. “त्यापरीस घरात बसंना का माणूस?”

तेव्हा पत्र्यापलीकडून क्रांतीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. त्या घरात न ऐकायची सोयच नव्हती.

“म्याडम, माझं गेल्या सालचं... ते त्येनंच गेलं असंल काय?”

आदितीनं अनेकांतकडे बघितलं.

“असेल,” ती म्हणाली. “नसेलही. आता कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही.”

चिमणाबाई मटकन दावणीच्या दगडावर बसल्या. जोतीरामांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते बाहेर पडले. तासाभरानं परत आले तेव्हा खांद्यावर गॅसची टाकी होती, हातात मोठं पातेलं.

पूर्तता

तिसऱ्या दिवशी सम्राटनं फोटो पाठवला. कट्ट्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, पातेल्यातलं दूध वर आलेलं, मागे जोतीराम, चेहरा पडलेला.

आदितीनं फोटो मोठा करून बघितला. दूध उकळत होतं, यात शंका नव्हती. तिनं लिहिलं: ‘सूचनेनुसार दूध उकळून देण्यात येत आहे. समाधानकारक.’ सही केली. फाइल वर गेली.

स्थळपाहणी

त्यानंतर आठवड्यानं ती कट्ट्यावर गेली ती पाहणीसाठी नव्हे. सकाळी सहाला माळ्यावरून आईनं सामान काढायला लावलं, तेव्हा तिथून सटकायला म्हणून ती बाहेर पडली आणि वाटेत वाटलं, जोतीराम काकांचा धंदा बसला की काय ते बघावं. बसला असेल तर एक ग्लास आपण घ्यावा.

धंदा बसलेला नव्हता. पंचवीस-तीस माणसं होती. व्यायाम करून आलेले, देवळातून आलेले, भाजीची पिशवी धरलेले.

“या म्याडम!” आकाराम मास्तर ओरडले. रिटायर होऊन वीस वर्षं झालेले, पण आवाज वर्गातला. “तुमच्या पायी दोन दिस आमाला आजाऱ्यागत गरम दूध पाजलं या जोत्यानं. वर साय आलेली. मी म्हटलं, आता साबुदाण्याची लापशी तेवढी दे म्हंजे झालं!”

“आता सवय झाली?”

“सवय कसली? तोडगा काढलाय त्येनं.”

जोतीरामांनी तिला बघून पंच्याच्या टोकानं ग्लास पुसला आणि पाठीमागे वळून भरून आणला. “घ्या. आज न्हाय म्हणायचं न्हाय.”

दूध कोमट होतं. वर फेस होता. आदितीनं दोन घोट घेतले. चांगलं लागलं. आणि मग तिच्या मनात आलं की उकळून निवलेल्या दुधाला एवढा फेस येत नाही.

तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास बघितला. जोतीरामांनी पातेल्यातलं दूध ग्लासात ओतलं, ग्लास घेऊन ते उकिडवे बसले, हौशीच्या आचळाला हात घातला. चर्रर्र. एक धार. फेस कडेपर्यंत आला.

“काका, हे काय?”

“काय?”

“हे वरचं.”

“वरची एक धार हो फकस्त,” जोतीराम म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी मुळीच नव्हती. “दूध उकाळलेलंच हाय, तुमी म्हणाला तसं. पण फेस आल्याबिगर गिऱ्हाईक हात लावत न्हाय. पैल्या दिवशी चार ग्लास खपले. फेसात काय असतंय? वारंच की.”

“हौशीची धार?”

“तिचाच फेस दाट येतोय. बाकीच्यांचा बसतोय लगेच.”

आदितीनं ग्लास खाली ठेवला. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता.

“घरी? क्रांतीला?”

“तिला उकाळलेलं नुसतं उतरतच न्हाय, उमासे येत्यात. वर धार दिली की पितीय बिचारी.” आणि मग तिचा चेहरा बघून, आवाज बारीक करून, “का हो?”

ती तिथं गिऱ्हाइकांसमोर काही बोलली नाही. “म्हशी घेऊन घरी चला, काका,” एवढंच म्हणाली. आकाराम मास्तर मागून ओरडले, “अहो, माझा ग्लास अर्धा ऱ्हायलाय!” ती परत गेली आणि त्यांच्या हातातला ग्लास काढून गटारात ओतला. मास्तरांच्या हातातली वस्तू पन्नास वर्षांत कुणी काढून घेतली नसावी. ते तसेच हात पुढे धरून उभे राहिले.

प्रश्न

वरची एक धार म्हणजे किती? दोन चमचे. त्यात किती जंतू? पुरेसे. क्रांतीनं असे ग्लास किती घेतले? आठ दिवस, रोज दोन. त्याआधीचे पूर्ण कच्चे? चार महिने. ‘उकळूनच’ या शब्दानंतर ‘त्यात नंतर काहीही घालू नये’ असं लिहायला हवं होतं का? कुणाच्या डोक्यात आलं असतं? कट्ट्यावर एकदा उभं राहिलेल्या कुणाच्याही. फोटो कुणी मंजूर केला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये होतं, सहीसकट.

रक्त

सिव्हिलला आदितीच त्यांना घेऊन गेली. रिक्षात जोतीराम एकदाच बोलले. “सांजच्याला अंग मोडून येतंय माझं. वर्स झालं. मी म्हटलं, वय झालं.” चिमणाबाई म्हणाल्या, “आणि मला सांगितलं न्हाईसा?” “काय सांगायचं? घाम आला की उतरतोय.” क्रांती रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

सम्राटचं रक्त पाळी सुटल्यावर घ्यायचं ठरलं. चिमणाबाईंना काही निघालं नाही. त्यांना दूधच आवडत नव्हतं, चहापुरतं चालायचं. जोतीरामांना रोग होता, स्पष्ट. क्रांतीचा आकडा काठावर होता. पुन्हा तपासायला सांगितलं, पण डॉक्टरबाईंनी वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. बाळाचे ठोके ठीक होते.

“आता बाळाला काय होणार न्हाय न्हवं?” क्रांतीनं विचारलं.

“गोळ्या चुकवू नको,” डॉक्टरबाई म्हणाल्या. क्रांतीला उत्तर कळलं: कुणालाच माहीत नाही.

हौशी दोन दिवसांनी टेम्पोत चढली. दावणीचा पहिला खुंटा मोकळा राहिला.

(कोरा कागद)

या वेळी आदितीनं फॉर्म आणला नव्हता. वहीचा कागद होता, कोरा.

“काका, मी पूर्तता झाली म्हणून सही केली होती. ती चूक माझी. ऑफिसात तसं लेखी दिलंय.”

जोतीराम कोऱ्या कागदाकडे बघत होते.

“पण एक काम माझ्यानं होणार नाही. हौशीचं दूध कोण कोण प्यायलं ते मला माहीत नाही. कट्ट्यावर पावती नसते, वही नसते. ज्यांना ताप येतोय ते तुमच्यासारखंच वय झालं म्हणून बसले असतील. त्यांना शोधायचं तर नावं पाहिजेत. ती फक्त तुमच्याकडं आहेत.”

“म्हंजे मीच सांगायचं. माझ्या दुधानं तुमाला रोग दिला म्हणून.”

“हो.”

“परत कट्ट्यावर उभा ऱ्हाईन काय मी?”

आदितीला ‘राहाल’ म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “माहीत नाही.”

जोतीराम बराच वेळ मोकळ्या खुंट्याकडे बघत बसले. मग ते सावकाश बोलू लागले, डोळे मिटून, जणू सकाळ झालीय आणि माणसं एकामागून एक कट्ट्यावर येतायत.

“आकाराम मास्तर. रोज एक, रविवारी दोन. फेस जास्त लागतोय. अमरसिंह, तालमीतला, लिटरभर, अंडी फोडून. राजमतीबाई, देवळातनं येताना, अर्धा ग्लास, साखर घालून, कुणाला सांगू नका म्हणत्यात. त्यांच्या मागनं दोघं भाऊ, नावं म्हाईत न्हाईत, निळी स्कूटर, पंचगंगेकडनं येत्यात. एक पावणं येतंय सांगलीचं, महिन्यातनं एकदा, दवाखान्याच्या कामाला...”

आदिती लिहीत होती. पाचवं-सहावं नाव झाल्यावर तिनं मध्येच स्वतःचं घातलं: दोन घोट. जोतीराम थांबत नव्हते. कुणाचा ग्लास केवढा, कोण उभा राहून पितो, कोण पायरीवर बसून, कुणाला मुळात दूध सोसत नाही पण बायकोनं धाडलंय म्हणून येतो. चाळीस वर्षांत त्यांनी कागदावर एक नाव लिहिलं नव्हतं आणि एकही माणूस विसरले नव्हते.

“आणि आदर्श,” पत्र्याआडून क्रांती म्हणाली.

“कोण आदर्श?” जोतीरामांनी डोळे न उघडताच विचारलं.

“भांड्याच्या दुकानातला. त्यो कट्ट्यावर पीत न्हाय मामा, किटली घेऊन हितं दारात येतोय. घरी नेतोय. बायकोला.”

जोतीरामांनी डोळे उघडले.

“कितवा हाय तिला?” चिमणाबाईंनी विचारलं.

“सातवा.”

कुणी काही म्हणायच्या आत क्रांती बाहेर आली होती. तिनं पदर खोचला आणि चपला शोधू लागली. एक दावणीखाली सरकली होती, ती पायानंच ओढून घेतली.

“मी जातो की त्येच्या दुकानात,” जोतीराम उठत म्हणाले.

“तुमी त्येला सांगा,” क्रांती चपला पायात घालत म्हणाली. “तिला मी सांगतो.”

“ऊन केवढं हाय! आन् काय सांगणार हायस तिला? भिऊन जाईल पोरगी.”

“भिऊ दे,” क्रांती म्हणाली. “माझं गेल्या सालचं सांगतो. मग डॉक्टरबाईंकडं घेऊन जातो.”

तीन म्हशींच्या मधून वाट काढत, एकीच्या पाठीवर थाप मारून तिला सरकवत, ती त्या एका दारातून बाहेर पडली. चिमणाबाई तिच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहिल्या.

आत आदितीनं पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

“लिवा,” जोतीराम शेवटी म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. “पिराजी. न्हावी. पावशेर, पण रोज न चुकता...”